१७.५० मीटर म्हणजे आमची कितवी पायरी?

प्रति,
पावसाळ्याआधी ठाणे जिल्ह्याच्या पूर-तयारीचा आढावा घेणारे सर्व अधिकारी

विषय : उल्हास नदीच्या पातळीचे आकडे नदीकाठच्या इमारतींच्या पायऱ्यांशी जोडून देण्याबाबत

महोदय, महोदया,

सप्रेम नमस्कार.

चैत्र संपत आलाय. उल्हास नदी सध्या काठापासून इतकी खाली आहे की बदलापूरच्या चौपाटीवर संध्याकाळी फिरायला आलेल्या पाहुण्याला हिच्या पुराबद्दल सांगितलं, तर तो आपली थट्टा चाललीय असं समजेल. खाली आपटी-मोहन्याकडे तर जलपर्णी इतकी माजते की पाणी कुठे आहे ते शोधावं लागतं. अशा दिवसांत पुराचं पत्र लिहिण्याचं कारण एवढंच की तुमच्या मान्सूनपूर्व बैठका याच दिवसांत होतात. जुलैत लिहिलेल्या पत्राला आवक क्रमांक मिळतो आणि उत्तर दिवाळीनंतर येतं. तेव्हा ते कुणाच्याच कामाचं नसतं.

मी बदलापूर पश्चिमेला, हेंद्रेपाड्याच्या बाजूला राहतो. रमेशवाडी, हेंद्रेपाडा, वालिवली, बॅरेज रोड ही नावं तुमच्या 'पूरप्रवण क्षेत्रां'च्या यादीत असणारच. आम्हाला इशारा मिळत नाही, अशी माझी तक्रार नाही. इशारे भरपूर मिळतात. 'ठाणे जिल्ह्यास ऑरेंज अलर्ट', 'नागरिकांनी सतर्क राहावे', 'नदीकाठच्या रहिवाशांनी सुरक्षित स्थळी स्थलांतर करावे'. मग पातळीचे आकडे फिरू लागतात : बदलापूरला इशारा पातळी १६.५० मीटर, धोका पातळी १७.५० मीटर, आत्ता पाणी अमुक इतकं. रात्री उशिरा असा मेसेज आला की तळमजल्यावरच्या काकू जिन्यात उभ्या राहून एकच प्रश्न विचारतात, "म्हणजे आपल्या कितव्या पायरीला?"

याचं उत्तर आमच्यात कुणाकडे नाही, आणि ते कुठे लिहून ठेवलेलंही नाही. ते आम्हाला काढून द्या, एवढ्याचसाठी हे पत्र आहे. बाकी जे पुढे येईल ते त्या एका मागणीचाच पसारा समजा.

मीटरचा घोळ काय होतो ते आधी सांगतो. १७.५० हा आकडा ठरलेल्या शून्यापासून मोजलेल्या उंचीचा आहे, नदीच्या खोलीचा नाही. हे तुम्हाला ठाऊक आहे, पाटबंधाऱ्याच्या माणसांना ठाऊक आहे. गेल्या दसऱ्याला डोंबिवलीहून इथे राहायला आलेल्या भाडेकरूला कसं ठाऊक असणार? त्याला वाटतं सतरा मीटर म्हणजे पाच मजले. तो एक तर घाबरून लेकराबाळांना घेऊन भर पावसात स्टेशनकडे निघतो, किंवा 'पाच मजले पाणी कुठे येतं का, काहीतरीच' म्हणून मेसेज पुढे ढकलून झोपतो. दोन्ही वाईट. आणि १६.५० आणि १७.५० मधला तो एक मीटर म्हणजे आमच्याकडे संपूर्ण संसाराचा फरक असतो. एका मीटरमध्ये फ्रीजची मोटर जाते, दिवाणाखालचे कपडे जातात, धान्याचे डबे तरंगायला लागतात, स्कूटर हँडलपर्यंत बुडते. ज्याच्या घराचं जोतं रस्त्यापासून दोन पायऱ्या वर आहे त्याच्यासाठी वेगळा आकडा धोक्याचा, आणि ज्याने रस्त्याची उंची वाढल्यावर घर तसंच ठेवलं त्याच्यासाठी वेगळा. आपल्याकडे रस्ता दर काँक्रिटीकरणात वर चढतो आणि घरं जागच्या जागी राहतात, हे वेगळं सांगायला नको.

शिवाय पाणी नेहमी नदीच्या बाजूने येत नाही. बाहेरचा माणूस काठाकडे बघत बसतो. इथला जुना माणूस बघतो संडासाच्या भांड्याकडे आणि न्हाणीघराच्या जाळीकडे. नदी फुगली की नाल्याचं तोंड दाबलं जातं, नाल्याचं पाणी उलटं फिरतं आणि गटारातून, चेंबरमधून वर येतं. काठ ओलांडायला अजून बराच अवकाश असतो तेव्हा न्हाणीघरात बुडबुडे येतात. जाळीवर पाट ठेवून त्यावर वाळूची पिशवी ठेवणं हा आमचा पहिला बंदोबस्त. नाल्यांच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा बसवता येतात, हे कुणीतरी अभियंत्यांच्या बैठकीत मांडावं, एवढं म्हणून पुढे जातो.

आता आमचा इशारा प्रत्यक्षात कसा चालतो ते ऐका, कारण तुमच्या आराखड्यात हा भाग नसणार.

आमचा इशारा कर्जतहून येतो. ज्यांची बहीण कर्जतला दिलीय, ज्यांचा मामा नेरळला आहे, ज्यांचा मुलगा भिवपुरीच्या कॉलेजात आहे, त्या सगळ्यांचे फोन संध्याकाळपासून सुरू होतात. "दहिवलीच्या पुलाला पाणी कुठवर आलंय?" "माथेरानवर ढग बसलाय का?" बदलापुरात तेव्हा भुरभुर असते, कधी तर रस्ते कोरडेही असतात. पण वर घाटात झोडपून काढलेलं असेल तर ते पाणी इथे येणारच, हे इथल्या म्हाताऱ्यांना कोणत्याही ॲपशिवाय कळतं. मग रात्री गाड्या हलवायला सुरुवात होते. पूर्व-पश्चिम उड्डाणपुलाच्या कडेला मोटारी आणि रिक्षा ओळीने लागलेल्या दिसल्या की समजावं, पश्चिमेची खात्री पटलेली आहे. लिफ्ट वरच्या मजल्यावर नेऊन बंद करायची. पंपाची मोटर सोडवून जिन्यात आणायची. जमिनीखालच्या टाकीचं झाकण प्लॅस्टिक लावून घट्ट करायचं, नाहीतर पूर गेल्यावर प्यायलाच पाणी नसतं. सिलिंडर बांधायचे, मोकळा सिलिंडर तरंगतो आणि दारावर आपटत राहतो, त्या आवाजाने लहान मुलं घाबरतात. तळमजल्यावरची कुटुंबं वर जातात. कुणी कुणाकडे जायचं ते ठरलेलं आहे. वर्षभर भांडणारी दोन घरंही त्या रात्री एकाच खोलीत झोपतात आणि चार दिवसांनी पुन्हा पार्किंगवरून भांडतात.

पाणी उतरायला लागलं की खरं काम. नव्या माणसाला वाटतं, पाणी गेलं की मग साफसफाई करू. तसं केलं तर मेलाच. उल्हासचा गाळ बारीक आणि चिकट आहे, एकदा सुकला की खरवडूनच काढावा लागतो आणि फरशीच्या सांध्यात तो कायमचा बसतो. म्हणून पाणी घोट्यावर आलं की खराटे घेऊन उतरायचं आणि उतरत्या पाण्यातच गाळ हलवत राहायचा. पाणी जाता जाता त्याचा गाळ त्यालाच घेऊन जायला लावायचा. यासाठी पाणी कधी उतरणार याचा अंदाज लागतो, आणि तोही आम्ही पुन्हा कर्जतला फोन करूनच काढतो. पुढचे दिवस ब्लीचिंग पावडर, लेप्टोच्या गोळ्या, कपाटामागे सापडणारे विरुळे आणि फुगलेली दारं. ते सगळीकडे सारखंच असतं.

आता तुमच्याकडचा एक पेच. उल्हास नदी पुणे जिल्ह्यात, राजमाची-खंडाळ्याच्या डोंगरात उगम पावते. मग ती रायगड जिल्ह्यातल्या कर्जत तालुक्यातून वाहते. शेलू सोडल्यावर वांगणीला ठाणे जिल्हा लागतो, आणि त्यानंतर बदलापूर. म्हणजे आम्हाला बुडवणारा पाऊस बहुतेक वेळा ठाणे जिल्ह्यात पडतच नाही. आम्हाला इशारा मात्र ठाणे जिल्ह्याचा मिळतो. हा जिल्हा भाईंदरच्या खाडीपासून माळशेज घाटापर्यंत आणि शहापूरच्या टोकापर्यंत पसरलेला आहे. २०१४ साली पालघर वेगळा झाल्यावरही सात तालुके उरले. मिरा रोडला मुसळधार पडला म्हणून आमच्या फोनवर अलर्ट वाजतो, आणि नेरळ-कर्जतला आभाळ फाटलं तर तो अलर्ट रायगडच्या लोकांच्या फोनवर वाजतो. असे काही अनुभव आले की माणूस अलर्ट बघायचं सोडतो. तंत्राला यात दोष नाही. नदीला जिल्ह्याची हद्द कळत नाही आणि संदेश मात्र हद्दीप्रमाणे जातो.

म्हणून वांगणी ते रायते या पट्ट्यासाठी नदीप्रमाणे इशारा द्या. कर्जत आणि नेरळला नदी किती वाढली, तिथे ती वाढल्यावर बदलापूरला किती तासांनी वाढते, याच्या नोंदी इतक्या वर्षांत कुठे ना कुठे जमा झालेल्याच असणार. त्यावरून 'आज रात्री दोन ते चारच्या दरम्यान' असं एक वाक्य आम्हाला मिळालं, तर आम्ही बाकी सगळं करून घेऊ. वेळ थोडीफार चुकली तरी आम्ही पत्र लिहिणार नाही, हे लेखी देतो.

बारवी धरणाबद्दल लिहायलाच हवं, कारण दर पुरात पहिली अफवा तीच असते : "बारवीचं पाणी सोडलं, आता बदलापूर बुडणार." ही अफवा शिकलेले लोक पसरवतात म्हणून जास्त त्रास होतो. बारवी नदी उल्हासला मिळते ती बदलापूर ओलांडल्यावर, जांभूळच्या बाजूला. त्या धरणाचे दरवाजे स्वयंचलित आहेत, ठरलेली पातळी झाली की आपोआप उघडतात. त्याचा धोका चोण, रहाटोली आणि काठावरच्या पाड्यांना आहे, आणि तो खराखुरा आहे. त्या लोकांना वेळेवर कळवायलाच हवं. आमच्या बाबतीत फार तर एवढं होतं की खाली नदी आधीच भरलेली असेल तर वरचं पाणी निघायला वेळ लागतो. उल्हासच्या मुख्य प्रवाहावर आमच्या वर पूर अडवणारं एकही मोठं धरण नाही. वर्षभर नदीत पाणी दिसतं ते भिवपुरीच्या वीजगृहातून येणाऱ्या आंध्र धरणाच्या पाण्यामुळे. त्याच पाण्यावर जिल्ह्यातली कितीतरी शहरं तहान भागवतात. ही एवढी माहिती दोन परिच्छेदांत आणि एका नकाशात छापून दर जूनमध्ये वाटली, तर निम्मी घबराट जाईल. 'धरणातून विसर्ग' हे शब्द दिसले की कोणत्या धरणातून, कोणत्या नदीत आणि कोणत्या गावांसाठी, हे त्याच मेसेजमध्ये असायला हवं. तुमच्या पत्रकात ते असतंही कधीकधी, पण तिसऱ्या पानावर.

२७ जुलै २०१९ च्या सकाळी अख्ख्या देशाने बदलापूर आणि वांगणीच्या मधला चामटोलीचा परिसर पाहिला. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती. सुमारे १०५० प्रवासी एनडीआरएफ, नौदल आणि हवाई दलाच्या मदतीने सुखरूप बाहेर काढले. चामटोलीची माणसं भाकरी-चहा घेऊन, दोऱ्या घेऊन पाण्यात उभी होती. त्या कामाला तोड नाही, आणि त्यात तुमच्या जिल्ह्याच्या यंत्रणेचाही वाटा होता, तो नाकारणं कोतेपणाचं ठरेल. फक्त एक गोष्ट नोंदवून ठेवतो. तेच पाणी त्याच दिवशी आमच्या जिन्यात होतं. टीव्हीवर बोटी दिसत होत्या आणि आमच्याकडे टीव्ही माळ्यावर होता. अर्थात गाडी एक, तिचे डबे मोजलेले, आत किती माणसं आहेत याचा आरक्षणाचा तक्ता तयार. बदलापूर पश्चिमेच्या तळमजल्यांवर किती माणसं आहेत, त्यातली अंथरुणाला खिळलेली किती, डायलिसिसवर असलेली किती, ऑक्सिजनच्या मशीनवर कोण आहे, याचा तक्ता कुणाकडे आहे? तो करायला एनडीआरएफ लागत नाही. सोसायट्यांच्या सेक्रेटरींना एक फॉर्म पाठवला आणि चाळींमधून आशाताईंना विचारलं, तर पंधरा दिवसांत होईल. आशाताईंना त्याचे पैसे मात्र द्या. त्यांच्यावर फुकटची कामं आधीच पुष्कळ आहेत.

२००५ चं काय सांगायचं? २६ जुलै म्हटलं की लोकांना सांताक्रूझचे ९४४ मिलिमीटर आणि मिठी नदी आठवते. त्या दिवशी उल्हासने बदलापूरपासून कल्याणपर्यंत काय केलं ते मुंबईच्या आठवणीत फारसं नाही. आमच्याकडे ते भिंतीवर आहे. आमच्या जुन्या विंगमध्ये मीटर बॉक्सच्या लाकडी कपाटाच्या दाराला आतून सुताराच्या पेन्सिलने एक आडवी रेघ मारलेली आहे, शेजारी '२६-७-०५' आणि मारणाऱ्याची सही. तिच्याखाली दुसऱ्या हस्ताक्षरात २०१९. तिसरी रेघ २२ जुलै २०२१ ची, ज्या दिवशी चिपळूण बुडालं त्याच दिवसाची, ती बॉलपेनची आहे आणि थोडी तिरपी, कारण मारणारा मोबाइलच्या उजेडात पाण्यात उभा होता. जिन्याच्या भिंतीवरही अशा खुणा होत्या. मागच्या रंगकामात त्यावर ऑइलपेंट बसला. कपाटाच्या आत रंगाऱ्याचा ब्रश गेला नाही म्हणून या तीन वाचल्या. तिन्ही पूर जुलैच्या शेवटच्या दहा दिवसांतले आहेत, हे त्या कपाटासमोर उभं राहिल्यावरच लक्षात येतं.

अशी कपाटं, अशा भिंती या पट्ट्यात पुष्कळ आहेत. कुणाच्या देवळाच्या ओट्यावर खूण आहे, कुणाच्या किराणा दुकानाच्या शटरला. नदीच्या पाण्याला उतार असतो, त्यामुळे बॅरेजचा, म्हणजे बदलापूरच्या बंधाऱ्यावर मोजलेला, आकडा जसाच्या तसा वालिवलीला किंवा हेंद्रेपाड्याला लागू होत नाही. पण त्या दिवशीची बॅरेजची नोंद आणि आमच्या भिंतीवरची रेघ यांची जोडी लावली की काम झालं. तुमचा एक सर्वेक्षक उंची मोजायची दुर्बीण (ऑटो लेव्हल) आणि मोजपट्टी घेऊन आला, तर एका दिवसात एका गल्लीतल्या सगळ्या इमारतींच्या जोत्यांची आणि या खुणांची उंची घेऊन होईल. त्यावरून प्रत्येक इमारतीच्या दाराशी एक पत्र्याची पाटी : बॅरेजला १६.५० तेव्हा इथे गटाराचं पाणी उलटं येतं, १७.५० तेव्हा अमुक पायरी, अमुक पातळीला तळमजला रिकामा करा. हे आकडे मी उदाहरणादाखल लिहिले आहेत. खरे काय ते मोजल्यावरच कळेल, आणि म्हणूनच मोजा म्हणतोय. काकूंच्या प्रश्नाचं उत्तर त्या पाटीवर असेल. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ प्रमाणे जिल्ह्याच्या आराखड्यात धोक्याच्या जागा नोंदवायच्या असतातच. त्यात गावाचं नाव लिहून थांबण्याऐवजी पायरीपर्यंत या.

या मागणीला सगळ्यात मोठा विरोध कुठून येईल ते सांगतो. आमच्याकडूनच. पाटीचा विषय सोसायटीच्या सभेत निघाला की पहिला सूर लागतो, "पाटी लावली तर फ्लॅटचा रेट पडेल." ही भीती खोटी नाही. निळी आणि लाल पूररेषा, म्हणजे सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा आणि शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषा, बदलापुरात आल्यापासून ज्यांची जमीन किंवा जुनी इमारत त्यांच्या आत आली त्यांची झोप उडालेली आहे. पुनर्विकास अडतो, कर्ज मिळायला त्रास होतो, तीस वर्षं हप्ते भरलेल्या माणसाला कळतं की त्याचं घर नकाशावर निळ्या पट्ट्यात आहे. त्याला त्या रेषेचा राग येणारच. रेषा कुठे असावी यावर वाद घालावा, फेरमोजणीही मागावी. पण पूर आलेला दडवून घर विकणं हा वादाचा भाग होऊ शकत नाही. मे महिन्यात नदीकाठचा गार वारा दाखवून तळमजला विकायचा आणि जुलैत नव्या माणसाने त्याची किंमत मोजायची, हे आमच्या डोळ्यांदेखत होतं. त्यामुळे सभेने नाही म्हटलं तरी पाटी लावा. आमच्या सहीसाठी थांबू नका. माझे शेजारी हे वाचून माझ्यावर रागावतील, याची मला कल्पना आहे.

मदतीच्या पैशांविषयी थोडक्यात. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या निकषांत कपडे-भांड्यांच्या मदतीसाठी घर दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात असण्याची अट आहे. कृष्णा-पंचगंगेच्या काठी पाणी दिवसेंदिवस बसून राहतं, तिथे ती अट ठीक. उल्हास घाटातून धडधडत येते आणि तितक्याच घाईने निघते. आमच्याकडे पाणी रात्री येऊन दुसऱ्या दिवशी उतरतं, आणि तेवढ्यात गादी, पीठ, वह्या, मिक्सर सगळं संपवून जातं. मोठ्या पुरानंतर शासन निर्णय काढून अट शिथिल करतात हे मान्य. पण मग निर्णय निघेपर्यंत पंचनामा करावा की नाही हेच खालच्या कर्मचाऱ्याला कळत नाही आणि लोक गाळ तसाच ठेवून त्याची वाट बघतात. गाळ तसाच ठेवल्यावर काय होतं ते वर लिहिलं आहेच. आमच्यासारख्या झटपट उतरणाऱ्या पुरासाठी तासांची अट काढा, आणि मोबाइलवर काढलेले वेळेसह फोटो पंचनाम्याला चालतील असं आधीच, म्हणजे मे महिन्यातच जाहीर करा.

मे महिन्यावरून आठवलं. पावसाळ्याचे नियंत्रण कक्ष १ जूनपासून, नालेसफाईची मुदत ३१ मे, हे वेळापत्रक मृगाच्या भरवशावर आखलेलं आहे. २०२५ साली मान्सून मुंबईत २६ मेलाच पोचला, नेहमीच्या ११ जूनपेक्षा सोळा दिवस आधी. नाल्यातून काढलेला गाळ नाल्याच्या काठावरच सुकायला ठेवलेला असताना पाऊस आला तर तो गाळ कुठे जातो, हे सांगायला अभियंता लागत नाही. आणि त्या दिवसांत नदीच्या अगदी कडेला कोण असतं? वीटभट्ट्यांवरची कातकरी कुटुंबं. दिवाळीनंतर ती भट्टीवर येतात, प्लॅस्टिक आणि पेंढ्याच्या खोपटात राहतात आणि पावसाच्या तोंडावर आपल्या पाड्यांवर परततात. पाऊस लवकर आला की कच्च्या विटा जागच्या जागी चिखल होतात, आगाऊ घेतलेली उचल फिटत नाही, म्हणून माणसंही हलत नाहीत. त्यांच्याकडे उड्डाणपुलावर नेऊन लावायला गाडी नाही, वर जायला दुसरा मजला नाही, आणि सोसायटीच्या ग्रुपवर ती नाहीत. वळवाच्या एका मोठ्या सरीने नाला भरला तरी त्यांचं खोपट जातं. तुमचे कक्ष १५ मेला सुरू करा, आणि पहिली फेरी या भट्ट्यांवरची असू द्या. आमच्या इमारतींकडे नंतर आलात तरी चालेल.

आमच्या बाजूने काय तयारी आहे तेही लिहितो. सर्वेक्षक आला तर शिडी, टेप, चहा आणि जुन्या खुणा दाखवायला माणसं आम्ही देऊ. पाट्यांचा पत्रा आणि रंग आमच्या गल्लीपुरता आम्ही वर्गणी काढून आणू. दहीहंडीला काढतो, याला का नाही? वालिवली आणि रमेशवाडीतल्या काही मंडळींशी बोललो आहे, तिथेही लोक तयार आहेत. कर्जत-नेरळच्या फोनांची आमची साखळी तुमच्या नियंत्रण कक्षाला जोडून हवी असेल, तर नंबर द्यायला हरकत नाही, फक्त रात्री दोन वाजता तिकडून कुणी बोललं पाहिजे.

एक विनंती. येणार असाल तर दोन दिवस आधी कळवा आणि शक्यतो १० मेच्या आत या. मीटर बॉक्सच्या त्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते, ते त्यानंतर आंबे काढायला देवरुखला जातात आणि किल्ली बरोबर घेऊन जातात.

कळावे,

आपला,
एक रहिवासी
बदलापूर (पश्चिम), जि. ठाणे